हुंदका, मोठा

आत्यांना सत्तर वर्षं पूर्ण झाली, तेव्हा त्यांच्या भाचीने त्यांच्यावर एक छोटी फिल्म करून घ्यायचं ठरवलं. भाची दुसऱ्या शहरात राहायची आणि कामात गळ्यापर्यंत बुडालेली असायची. ज्याला वेळ देता येत नाही त्याला माणूस वस्तू देतो. तशी तिने ही फिल्म दिली.

तशा त्या दोघांच्याच आत्या. एक ही भाची, आणि दुसरा तिचा थोरला भाऊ, ज्याच्या घरी त्या राहायच्या. पण इमारतीतली झाडून सगळी माणसं त्यांना आत्याच म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे असलेले तळमजल्यावरचे चष्मेवालेसुद्धा. आयुष्यभर त्यांनी शाळेत खेळ शिकवला होता आणि निवृत्त झाल्यावर इमारतीमागच्या अंगणात मुलांना सायकल शिकवायला सुरुवात केली होती. संध्याकाळी मुलं खाऊन-पिऊन खाली उतरली की आत्या जिन्याखालून एक बुटकी निळी सायकल बाहेर काढत. मूल सीटवर, आत्यांचा हात सीटच्या मागे, आणि मग दोघांची धाव. या अंगणात शिकलेली काही मुलं आता मोटारसायकलवरून भरधाव जाताना दिसत आणि आत्या दिसल्या की वेग कमी करत.

त्या दिवसांत आत्यांच्या हाताखाली एकच अवघड विद्यार्थिनी होती. तिसऱ्या मजल्यावरची ही मुलगी सायकलवर बसली की दोन्ही ब्रेक दाबून धरायची आणि काही केल्या सोडायची नाही, म्हणून मुलांनी तिचं नाव 'कुलूप' ठेवलं होतं. सायकल पुढे सरकायची ती आत्यांच्या ढकलण्याने, चाकं घासत. आत्यांना त्याचं काही वाटत नसे. त्या म्हणत, "भीती सिमेंटसारखी असते. ओली आहे तोवर हात फिरवायचा. एकदा वाळली की जन्माचा ठोकळा." कुलपाची भीती अजून ओलीच होती. डावा ब्रेक अधूनमधून सैल सुटत होता. आणखी थोडे दिवस मिळाले असते तर उजवाही सुटला असता.

नेमकी तेव्हाच फिल्म झाली.

फिल्म काढणारा एक उंच, सडपातळ तरुण होता. कॅमेरा तोच धरायचा आणि नंतर कापाकापी, जोडाजोडीही तोच करायचा, म्हणून घरात त्याला एडिटर म्हणू लागले. काही संध्याकाळी तो अंगणात येऊन उभा राहिला. "माझ्याकडे बघू नका, तुमचं चालू द्या," म्हणाला. आत्यांनी त्यांचं चालू दिलं.

वाढदिवसाला इमारतीच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या, केक कापला आणि दिवे घालवले. सुरुवातीला आत्यांचे जुने फोटो आले. शिट्टी वाजवणाऱ्या आत्या, लंगडी खेळणाऱ्या आत्या. लोक हसले, आत्याही हसल्या. मग पडद्यावर अंगण आलं आणि ते सुरू झालं.

आधी एकटा सेलो. खूप खोल, कुणीतरी विहिरीच्या तळाशी बसून जुनी आठवण काढावी तसा. मग व्हायोलिनं आली, एकदम नाही, पडदा हळूहळू सरकावा तशी. पडद्यावर आत्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होत्या. रोज त्या अशीच नाडी बांधत, आणि बांधताना नाडी बनवणाऱ्या कंपनीचा उद्धार करत. पण पडद्यावर शिव्या नव्हत्या, व्हायोलिनं होती, त्यामुळे ही नाडी त्या शेवटची बांधतायत असं वाटत होतं.

मग हॉर्न आले, ढोल आले, साठ वाद्यांचा तो सगळा ताफा छातीवर चाल करून आला. पडद्यावर आत्या इमारतीतल्या जुळ्या भावांपैकी एकाला घेऊन धावत होत्या, पण संथ, पाण्याखालून धावावं तशा. त्यांचा हात सीटवरून सुटला. एकदम नाही, एकेक बोट करून सुटला. मुलगा पुढे गेला. आत्या मागे राहिल्या. त्यांनी पाठ फिरवली, फाटकाकडे चालू लागल्या, सगळी वाद्यं एका लांब सुरावर येऊन थांबली, आणि त्या सुरात आत्या पांढऱ्या, आणखी पांढऱ्या, आणि दिसेनाशा झाल्या.

वास्तविक त्या फाटकापाशी ठेवलेला हवेचा पंप आणायला गेल्या होत्या.

दिवे लागले तेव्हा सभागृहात एकही डोळा कोरडा नव्हता. इमारतीचा सेक्रेटरी, ज्याने मागच्याच महिन्यात फरशीवर टायरचे काळे डाग पडतात म्हणून आत्यांना लेखी नोटीस दिली होती, तो तोंडावर रुमाल धरून बाहेर निघून गेला. भाचा खुर्चीतून उठून आत्यांच्या गळ्यात पडला. तो विमा कंपनीत होता आणि माणसं मरतात याची त्याला सवय होती, तरीही. आणि खोटं कशाला सांगा, आत्याही रडल्या. पडद्यावरच्या त्या बाईबद्दल त्यांना फार वाईट वाटलं. बिचारी चांगली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा चहा घेऊन त्यांच्या पलंगाशी उभा होता. डोळे सुजलेले.

"उठू नकोस आत्या."

"मग चहा काय झोपून पिऊ?"

"तू आमच्यासाठी किती केलंस."

"काय केलं?"

भाच्याला पटकन काही आठवलं नाही. त्याने फोन काढला आणि फिल्मचा शेवट लावला. सेलो वाजला, आणि त्याला जे आठवत नव्हतं त्याबद्दलही भरून आलं.

तिथून आत्यांचे हाल सुरू झाले. घरात त्यांना काही करू देईनात. भाचेसून तर त्या बोलल्या की फोन पुढे धरून ते टिपून ठेवू लागली.

"सूपमध्ये मीठ कमी आहे," आत्या म्हणाल्या.

भाचेसुनेने तोंडावर हात ठेवला. "बघितलंत? अजूनही सगळ्यांच्या जेवणाची काळजी."

"अगं, मला कमी लागतंय. माझ्या वाटीत."

"हेही घेतलं," भाचेसून नवऱ्याला हळूच म्हणाली.

डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, रक्त तपासलं, सरकत्या पट्ट्यावर पळवलं आणि सगळं उत्तम असल्याचं सांगितलं. आत्यांनी भाच्याकडे विजयाने पाहिलं. पण डॉक्टर कागद टेबलावर ठेवून खिडकीबाहेर बघू लागले. त्यांनाही कुणीतरी फिल्म पाठवली होती.

"रिपोर्ट चांगले आहेत," ते म्हणाले. "पण रिपोर्ट म्हणजे सगळं नसतं."

"मग काय असतं?" आत्यांनी विचारलं.

"मनाची तयारी," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

बाहेर पडताना भाच्याने दुकानात थांबून एक काठी घेतली. आत्या ती खांद्यावर टाकून घरी आल्या.

इमारतीच्या दारातच पुढचा धक्का होता. सेक्रेटरीने निळी सायकल जिन्याखालून काढून, धुऊन-पुसून, दर्शनी भिंतीवर उंच टांगली होती. वर एक छोटा दिवा. अंगणात, जिथे आत्यांनी जुळ्याची सायकल सोडली होती, बरोबर तिथे, एक लाकडी बाक आला होता. बाकाला पितळी पाटी होती: 'आत्यांची जागा'.

"अहो, इथे बाक ठेवला तर सायकल वळवायची कुठून?" आत्या म्हणाल्या.

"वळायचं आता कशाला, आत्या," सेक्रेटरी सद्गदित होऊन म्हणाला. "बसा."

आत्यांनी दुपारी स्टूल आणलं आणि सायकल काढायला चढल्या. पहारेकरी धावत आला, त्याच्यामागून सेक्रेटरी.

"हे काय वय आहे का आत्या?"

"परवापर्यंत होतं."

त्यांना खाली उतरवून बाकावर बसवण्यात आलं. माणसाला मखरात बसवलं की त्याच्या हातून काम काढून घेतल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. उलट ज्यांनी काढून घेतलं त्यांनाच आपण काहीतरी दिलं असं वाटतं.

संध्याकाळी मुलं खाली आली ती रांगेत. प्रत्येकाच्या हातात एकेक फूल होतं. एकेकाने येऊन ते आत्यांच्या मांडीवर ठेवलं आणि आयांनी शिकवल्याप्रमाणे मुलं आवाज न करता निघून गेली. शेवटी कुलूप आली. ती गेली नाही.

"आत्या, तुम्ही मरणार आहात का?"

"एक दिवस."

"सोमवारी?"

"सोमवारी मला वेळ नाही. का गं?"

"बाबा म्हणाले, आत्यांना आता त्रास द्यायचा नाही. ते मला नवीन सायकल आणणार आहेत. तिला बाजूला दोन छोटी चाकं असतात. ती पडतच नाही."

आत्यांच्या मांडीवरची फुलं खाली पडली. बाजूच्या चाकांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. त्या चाकांवर मूल वर्षभर हिंडतं आणि त्याला वाटतं आपण सायकल चालवतोय. मग एक दिवस चाकं काढली की ते जे घाबरतं ते पुन्हा सायकलीला शिवत नाही. अशी चाळिशीची माणसं त्यांनी पाहिली होती. त्यांचा स्वतःचा भाचा त्यातलाच. त्याच्या लहानपणी आत्या परगावी नोकरीला होत्या.

"केव्हा आणणार?"

"सुट्टीच्या दिवशी."

"आणि तुला काय हवंय?"

कुलपाने विचार केला. "मला पडायचं नाहीये," ती म्हणाली. "पण मला ती चाकंपण नकोयत. जुळे हसतात."

आत्या घरी येऊन भाच्याशी भांडल्या. चांगलं कडाक्याचं भांडण करायचं त्यांनी ठरवलं होतं, पण भांडायला समोर माणूस लागतो. भाचा नुसता त्यांच्याकडे बघत राहिला आणि मधेच त्याचा फोन वाजला. त्याने फोनच्या घंटीलाही तोच सेलो लावला होता. पलीकडून कुणी गाडीच्या विम्याचं विचारत होतं आणि भाच्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तेव्हा आत्यांच्या लक्षात आलं की आपली लढाई या लोकांशी नाही, त्या साठ वाद्यांशी आहे.

दुसऱ्या दिवशी त्या काठी घरी ठेवून एडिटरकडे गेल्या. एका शिंप्याच्या दुकानाच्या खाली तळघरात त्याची खोली होती. भिंतींना अंड्यांच्या खोक्यांसारखा करडा फोम, दोन मोठे पडदे, आणि टेबलावर रुमालांचं खोकं. आत्यांना पाहून तो उठून उभा राहिला आणि त्याचे डोळे भरले.

"तू पण?" आत्या म्हणाल्या. "अरे, तू तर केलीस ना ती?"

"म्हणूनच," एडिटर म्हणाला. "कापताना मी तीनदा रडलो. सवयीने नाही, खरोखर."

"बरं, आता डोळे पूस आणि मला सांग. मी त्या पंपाकडे जाताना पांढरी का झाले?"

एडिटर थोडा गडबडला. "संगीत उरलं होतं आत्या."

"म्हणजे?"

मग त्याने नीट समजावून सांगितलं. आत्यांना नीट समजावणारी माणसं आवडत, म्हणून त्यांनी मधे बोलायचं टाळलं. तो आधी संगीत निवडायचा. ही संगीतं तयार मिळत. कुठेतरी मोठ्या दालनात साठ-सत्तर वादक बसून ती वाजवून ठेवत, कुठल्या चित्राला लागणार हे माहीत नसताना. त्याच्याकडे त्यांचे कप्पे केलेले होते. त्याने पडद्यावर कप्पे दाखवले. 'डोळे ओले'. 'रुमाल'. 'हुंदका, लहान'. 'हुंदका, मोठा'.

"मला कुठला लावलास?"

"हुंदका, मोठा. सत्तरीच्या पुढे आम्ही तोच लावतो."

"वाढदिवसाला?"

"वाढदिवसाला, शोकसभेला, सगळ्याला. लोकांना आपोआप रडता येत नाही आत्या. रस्ता दाखवावा लागतो." तो आता रंगात आला होता. "मग त्या संगीताच्या मापाने मी चित्रं कापतो. जिथे ढोल वाजतो तिथे हात सुटला पाहिजे. हात लवकर सुटला होता, म्हणून मी तो संथ केला."

"म्हणजे आधी सदरा शिवायचा आणि मग त्यात बसेल असा माणूस कापायचा?"

एडिटरने वर, शिंप्याच्या दुकानाकडे पाहिलं. "तसं म्हणता येईल."

"नाकापेक्षा मोती जड झालाय बाळा. बदल ते संगीत."

तो आढेवेढे घेऊ लागला, पण आत्या खुर्ची ओढून बसल्या होत्या. त्याने एक वात्रट कप्पा उघडला. फुगलेल्या गालांनी वाजवायची कुठलीशी जाड वाद्यं त्यात भकभक करत होती. तेच चित्र, तीच नाडी, तेच धावणं, आणि आता आत्या कुणाच्यातरी शेतातून टरबूज चोरून पळतायत असं वाटत होतं. आत्यांना ते आवडलं, पण कामाचं नव्हतं. मग त्याने भीतीचा कप्पा उघडला. व्हायोलिनं सुरीला धार लावल्यासारखी किरकिरली. पडद्यावर एक म्हातारी लहान मुलाच्या मागे पळत होती, मुलगा पुढे, ती मागे, तिचा हात पुढे आलेला.

"बंद कर," आत्या म्हणाल्या. "मलाच माझा संशय यायला लागला."

शेवटी 'विजय' लावला. तुताऱ्या, ताशे, आणि मधे सत्तर माणसांनी एकदम श्वास घ्यावा तशी शांतता. पडद्यावरच्या आत्या आता मरत नव्हत्या. त्या एखादा डोंगर जिंकून आल्या होत्या. "हे दे," आत्या म्हणाल्या. "हे बघून त्यांना कळेल की मी धडधाकट आहे."

ही चूक होती. भाच्याने ती फिल्म पाहिली आणि तो सोफ्यावरून उठून उभाच राहिला. सेक्रेटरीने पाहिली आणि त्याच संध्याकाळी सत्कार समिती स्थापन केली. आत्यांचा जाहीर सत्कार व्हायला हवा, मंच हवा, शहरातली मोठी माणसं हवीत, आणि अंगणात बाकाच्या जागी अर्धपुतळा हवा. "पुतळा सायकलवरचा?" आत्यांनी विचारलं. "नाही, छातीपर्यंतचा," सेक्रेटरी म्हणाला, "सायकल भिंतीवर टांगलेली आहेच." सत्कार होईपर्यंत आत्यांना सर्दी-खोकला होता कामा नये, म्हणून त्यांना अंगणात यायलाही बंदी झाली. आधी त्या रडण्यासाठी जपल्या जात होत्या, आता टाळ्यांसाठी.

कुलूप जिन्यात भेटली. "बाबांनी चाकं आणलीत," ती म्हणाली. "खोक्यात आहेत. सायकल उद्या येणारे."

आत्या तशाच तळघरात गेल्या.

"मला संगीत नको," त्या म्हणाल्या.

"हलकं लावू? नुसता पियानो?"

"काहीच नको. त्या दिवशी अंगणात जे आवाज झाले ते कुठे आहेत?"

एडिटरचा चेहरा पडला. "ते आम्ही काढून टाकतो. मधे येतात."

"आहेत का पण?"

"आहेत. पण आत्या, त्यात काही नाहीये. नुसतं... चालू आहे."

"तेच लाव. हात संथ करू नको, मला पांढरी करू नको. एक अख्खी संध्याकाळ लाव, जशी झाली तशी."

"यात कुणी रडणार नाही," एडिटर कळवळून म्हणाला. "माझं नाव आहे त्यावर."

"नाव काढून टाक," आत्या म्हणाल्या. "मी कुणाला सांगणार नाही."

सत्कार समितीला आत्यांनी कळवलं की सत्काराआधी नवी फिल्म दाखवायची आहे. सगळे तयारीने आले. पुढच्या रांगेत प्रत्येकाच्या मांडीवर रुमाल होता. आत्या मागे दाराजवळ बसल्या. एडिटर यंत्रापाशी मान खाली घालून उभा राहिला.

दिवे गेले. पडद्यावर अंगण आलं आणि आवाज आला: कर्र, कर्र, कर्र. दाबलेले ब्रेक. कुलूप सायकलवर, आत्या मागे. कर्र, कर्र. कुठेतरी कुणी गालिचा झटकत होतं. आत्यांचा धापा टाकण्याचा आवाज, तो चांगलाच मोठा होता. "पायाकडे काय बघतेस, पाय पळून जाणार आहेत का?" कर्र, कर्र. सायकल एका टोकाला गेली, वळली, परत आली.

पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी सवयीने रुमाल डोळ्याला लावला. मग थोडं थांबून खाली घेतला.

"संगीत कुठाय?" कुणीतरी विचारलं.

"यंत्र बिघडलं वाटतं."

"येईल, येईल. आता येईल."

आलं नाही. सायकल परत त्या टोकाला गेली. पडद्यावरच्या आत्या थांबल्या, कमरेवर हात ठेवून बुटाच्या नाडीला उद्देशून काहीतरी म्हणाल्या, जे ऐकून आयांनी मुलांच्या कानांवर हात ठेवले. मग पुन्हा कर्र, कर्र. मधे कुलूप म्हणाली, "आत्या, डाग पडतील. सेक्रेटरीकाका ओरडतील." आणि पडद्यावरच्या आत्या म्हणाल्या, "ओरडू दे. त्याच्या तोंडाला ब्रेक नाही, तुझे सुटत नाहीत. दोघांची अदलाबदल करता आली असती तर बरं झालं असतं."

सेक्रेटरी खुर्चीत ताठ झाला.

थोड्या वेळाने पाणी प्यायला थांबल्यावर कुलपाने विचारलं, "आत्या, तुमच्याकडे आज जेवायला काय आहे?" "सूप," आत्या म्हणाल्या. "काल सूप, आज सूप. गरम पाण्याला रंग दिला की झालं आमचं सूप."

भाचेसुनेने मान वळवून अंधारात मागे पाहिलं. आत्या दाराकडे बघत होत्या.

फिल्म चालूच होती. कुलूप काही शिकत नव्हती. ब्रेक काही सुटत नव्हते. काहीही घडत नव्हतं, आणि ते बराच वेळ घडत नव्हतं. कुणाला गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं, कुणाला फोन आला. जुळे खुर्च्यांखालून रांगत बाहेर गेले. भाचा तोंड उघडं टाकून झोपला होता आणि मधूनमधून घोरत होता, तेवढंच काय ते संगीत.

दिवे लागले तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. कुणीही आत्यांच्या जवळ आलं नाही. भाचेसून मात्र आली.

"उद्यापासून तुमचं सूप तुम्ही करून घ्या आत्या," ती म्हणाली. "आणि भाजीही तुम्हीच आणा. बाजारापर्यंत चालवतं ना तुम्हाला?"

"पळवतं," आत्या म्हणाल्या. बऱ्याच दिवसांत कुणी त्यांच्याशी इतकं चांगलं बोललं नव्हतं.

एडिटर वायरी गुंडाळत होता. त्याच्या कामाचा असा अपमान कधी झाला नव्हता. आत्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "फार छान झाली बघ. सगळे विसरतील."

सकाळी सूचनाफलकावर सेक्रेटरीच्या सहीची नोटीस होती. अंगणातील फरशीवर टायरचे डाग आढळल्यास कारवाई करण्यात येईल. दर्शनी भागात खाजगी वस्तू टांगू नयेत. संबंधितांनी त्या तात्काळ काढून घ्याव्यात. अंगणातील बाक इमारतीच्या मालकीचा असून तो गच्चीवर हलवण्यात येत आहे. सत्कार समितीबद्दल नोटिशीत काही नव्हतं. समितीला आपण समिती आहोत हेच आठवत नव्हतं.

आत्यांनी नोटीस दोनदा वाचली. मग संबंधित म्हणून स्टूल आणलं, सायकल उतरवली आणि चाकांत हवा भरली. या वेळी पहारेकऱ्याने नुसतं स्टूल धरलं, आणि धरताना जांभई दिली.

संध्याकाळी कुलूप खाली आली. वर तिच्या बाल्कनीत तिचा बाबा नव्या सायकलपाशी उकिडवा बसून, माहितीपत्रक उलटंसुलटं करत, बाजूची चाकं लावायला लागला होता.

"आत्या, तुम्ही बऱ्या झालात?"

"मी आजारी कधी होते?"

"फिल्ममध्ये."

"तू होतीस ना दुसऱ्या फिल्ममध्ये. कशी वाटलीस?"

"मला झोप आली."

"मलापण. चल, बस. बाबांचे स्क्रू बसायच्या आत."

कुलूप बसली. आत्यांनी सीट धरली आणि दोघी निघाल्या. कर्र, कर्र. एक फेरी, दुसरी फेरी. डावा ब्रेक सैल पडला. वर स्क्रू फिरवल्याचा आवाज येत होता. आत्यांनी काही म्हटलं नाही. मुलाला 'सोड' म्हटलं की ते आणखी घट्ट धरतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्या सत्कार समितीबद्दल सांगू लागल्या. पुतळा छातीपर्यंतचाच करणार होते, म्हणजे पायच नाहीत, मग धावायचं कसं, असं त्या म्हणाल्या आणि कुलूप हसली. हसताना माणसाला मूठ आवळून ठेवता येत नाही. कर्र थांबलं.

सायकल एकदम हलकी झाली, आणि वेगात निघाली. आत्या तिच्याबरोबर धावता आलं तेवढ्या धावल्या. मग सायकल पुढे गेली आणि हात मागे राहिला. एकेक बोट वगैरे काही नाही, श्वासच पुरला नाही. त्या गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभ्या राहिल्या. फाटकाजवळचं वळण कुलपाने मोठं घेतलं, डगमगली, सावरली आणि लांबच्या भिंतीच्या कडेने निघाली.

"आत्या," तिने मागे न बघता विचारलं, "धरलंय ना?"

"धरलंय," आत्यांनी ओरडून सांगितलं.

सायकल थोडी पुढे गेली.

"मग आवाज लांबून का येतोय?"

"तू पुढे बघ," आत्या म्हणाल्या.